साडेनऊ की साडेदहा?

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात आमच्या सासूबाईंचा हात धरणारं साताऱ्यात कुणी नाही. त्यामुळे ‘अर्ली बर्ड रजिस्ट्रेशन’ त्यांना एका वाक्यात समजलं. परिषद नोव्हेंबरात, अमेरिकेत. पैसे सप्टेंबरात भरले तर स्वस्त. “म्हणजे रुमालच की,” त्या म्हणाल्या, “फक्त डॉलरचा.”

मी कॉलेजात संवादशास्त्र शिकवते. हॅरॉल्ड लासवेलचं १९४८ सालचं सूत्र (कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कुणाला सांगतो आणि परिणाम काय होतो) वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितेय. फॉर्म भरायला बसले आणि ‘कोण’पाशीच अडले. पहिलं नाव, आडनाव ठीक; मधल्या नावाला जागा एका अक्षराची. पासपोर्टवर ऐसपैस बसलेला नवरा ‘व्ही’ एवढाच उरला. त्याला सांगितलं, तर म्हणाला, “घरात तरी कुठे जास्त आहे?”

पुढे राज्य. यादीत अलाबामापासून वायोमिंगपर्यंत सगळी होती, महाराष्ट्र नव्हता, आणि रकाना मोकळा सोडला की फॉर्म लाल व्हायचा. शेवटी लिहिलं : सातारा, अलाबामा.

मुदत होती रात्री ११:५९, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची. त्याची मला काळजी नव्हती. भाचा न्यू जर्सीत असतो, दर संक्रांतीला त्याला तिळगुळाचा फोन करते, त्यामुळे साडेदहा तासांचा फरक तोंडपाठ. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९. नऊ वाजता निवांत चहा घेऊन कार्डाचा नंबर टाकला. व्यवहार नामंजूर. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावे लागतात म्हणे. ॲपचा पिन नवऱ्याने ‘सुरक्षित राहील’ म्हणून सासूबाईंच्या जपाच्या वहीत लिहून ठेवलेला. वही शोधायची, तर सासूबाई मिक्सरवर लसणाची चटणी करत होत्या. क्लॉड शॅननच्या संवादाच्या मॉडेलमधला ‘नॉइज’ (निरोप पोचताना मध्ये येणारा अडथळा) मी फळ्यावर एका छोट्या चौकोनात दाखवते. तो चौकोन काढणाऱ्याच्या घरी चटणी होत नसावी. चार हाका मारल्या, पाचव्या हाकेला “कढीपत्ता घालू का?” असं उत्तर आलं.

वही सापडली. पिन चालला. पान परत उघडलं, तर रक्कम वाढलेली. घड्याळात ९:३१.

भाच्याला फोन लावला. तो झोपेतच म्हणाला, “मावशी, उन्हाळ्यात आमची घड्याळं तासभर पुढे असतात गं. तू फोन संक्रांतीला करतेस.”

चडफडत पूर्ण पैसे भरले. मग व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घ्यायला बसले. तारीख मिळाली फेब्रुवारीतली.

“आता रुमाल परत मागून घे,” सासूबाई म्हणाल्या.

नियम वाचले. नाव मागे घेतलं तर थोडे पैसे परत मिळतात. मुदत : नोव्हेंबरचा पहिला रविवार, रात्री ११:५९. म्हणजे ज्या दिवशी ते लोक घड्याळं मागे घेतात, नेमका तोच.

मी बोटं मोजायला घेतली. आत मिक्सर सुरू झाला.