हेज करणे म्हणजे सट्टा लावणे नव्हे

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : ‘हेज’ म्हणजे सट्टा खेळणे, जो व्यापारी माल हेज करतो तो सटोडिया. हे साफ चूक आहे, आणि यात सचोटीने धंदा करणाऱ्यांची नाहक बदनामी होते.

इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ झुडपांचे कुंपण. त्यावरून क्रियापद झाले : नुकसानीला आधीच आड घालणे.

समजा, सोयाबीनचे वायदे चालू असताना छावणी मंडीत एकाने सोयाबीन ४,५०० रुपये क्विंटलने घेऊन गोदामात भरले. भाव पडण्याची धास्ती आहे, म्हणून तेवढ्याच मालाचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा पण भाव आजच ठरलेला सौदा, तो ४,६०० ने विकतो. बाजार आणि वायदा दोन्ही ३०० ने उतरले, तर मालात गेले ते, विकलेला वायदा स्वस्तात परत घेतल्याने, वायद्यात परत येते. चढले, तर मालातला वाढीव नफा वायद्यात जातो. म्हणजे ‘हेज केले की फायदाच’ हेही खोटे. शिवाय दोन्ही भाव नेहमी सारखेच हलतात असे नाही, थोडी जोखीम उरतेच. सटोडियाजवळ मात्र राखायला मालच नसतो. तो भावाच्या चढउतारावर कमवायला जोखीम मुद्दाम अंगावर घेतो.

शेअर आणि वायदे बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले, पुढे मुदतही वाढवली. तो निर्णय वायद्यांपुरता होता. हेज करणे त्याने गुन्हा ठरत नाही. निर्यातदार डॉलरचा दर आधीच बांधून घेतो, तेही हेजच.