समर्थकांशी नाळ जोडण्याची सोपी रीत

आपण ठाण्यात पक्षाचे काम करीत असाल आणि समर्थकांशी नाळ जोडण्याचा आदेश वरून आला असेल, तर घाबरून जाऊ नये. त्यासाठी समर्थकांना भेटावे लागत असे, तो काळ आता मागे पडला आहे. पूर्वी नाक्यावरच्या शाखेबाहेर फळा असे. त्या व्यवस्थेत मोठा दोष हा होता की, खडूने लिहिलेला मजकूर वाचून झाल्यावर माणूस पायरी चढून आत येई, नळाला पाणी का नाही असे विचारत बसे आणि वर त्याला चहाही पाजावा लागे.

त्यापेक्षा व्हॉट्सॲपचा ग्रुप काढावा. त्यात १,०२४ माणसे मावतात. सोसायट्यांच्या सेक्रेटरींकडून नंबरांची यादी मिळवावी आणि कोणाची इच्छा विचारत बसू नये, कारण माणूस ग्रुपमध्ये घातल्यानंतरच समर्थक होतो. त्यानंतर पहिले काम म्हणजे फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय करून टाकणे. हे राहून गेले की काय होते, ते घोडबंदर रोडवरच्या आमच्या ग्रुपमध्ये मी पाहिले आहे. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी साहेबांचा हात जोडलेला फोटो, गुलाब आणि सुविचार आला, खाली चाळीसेक नमस्कार पडले आणि मग सातव्या मजल्यावरच्या काकूंनी “टँकर आज तरी येणार का?” एवढेच विचारले. काकूंना तासाभरात काढले, हे योग्यच झाले. पण तोवर “आमच्याकडेही नाही” असे वीस जणांनी लिहून टाकले होते.

मजकूर स्वतः लिहू नये, वरून आलेलाच पुढे पाठवावा. वारंवार फिरलेला संदेश २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, म्हणून तो कॉपी करून चिकटवावा. त्यामुळे फॉरवर्ड केल्याची खूण जाते आणि विचार आपलाच वाटतो. फक्त ‘येथे आपल्या प्रभागाचे नाव टाकावे’ ही ओळ तेवढी खोडावी.

ग्रुपच्या नावात पक्ष किंवा चिन्ह घालण्याचा मोह टाळावा. जून २०२२ मध्ये पक्ष फुटला, ऑक्टोबरात धनुष्यबाण गोठवला गेला, कोणाकडे मशाल तर कोणाकडे ढाल-तलवार आली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण एका गटाकडे गेला; या धावपळीत ॲडमिनने चित्र बदलले की ग्रुपमधली सगळी माणसे अंथरुणातून न उठता पक्षांतर करून मोकळी होत. ‘आपला परिवार’ हे नाव कोणत्याही पक्षात चालते.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झाले. मधल्या काळात प्रभागाला नगरसेवक नव्हता, पण गुलाब एक दिवसही चुकला नाही. काकूंचा नंबर मात्र जपून ठेवावा. मतदानाच्या आदल्या आठवड्यात त्यांना पुन्हा परिवारात घ्यावे लागते.