केर्तेस आणि भूमिती: एक खुलासा

‘पत्नीच्या निधनानंतर छायाचित्रकार आंद्रे केर्तेस यांनी पोलरॉइड (लगेच छापील फोटो देणारा) कॅमेरा हाती घेतला आणि ऐंशी ओलांडल्यावर ते पहिल्यांदाच अमूर्त, भौमितिक रचनेकडे वळले,’ असा मजकूर फिरतो आहे. तो अर्धाच खरा.

पत्नी एलिझाबेथ १९७७ मध्ये गेल्या. नंतर न्यूयॉर्कच्या घरातल्या खिडकीत काचेचा छोटा अर्धपुतळा ठेवून केर्तेस यांनी रंगीत पोलरॉइड काढले, हे खरेच. पण ‘पहिल्यांदाच’ कुठून आले? १९२६ मध्ये पॅरिसला अमूर्त, भौमितिक चित्रे काढणारे चित्रकार माँद्रियान यांच्याकडे टिपलेला चष्मा आणि पाइप पाहा. १९२८ चा ‘काटा’ तर निव्वळ रेषा आणि सावली: बशीच्या कडेला टेकलेला जेवणाचा काटा, बस्स! म्हातारपणी बदलला तो कॅमेरा, आणि कृष्णधवलच्या जागी रंग आले.