आलंच, दहा मिनिटं

रविवारी पहाटे सहाला आतकरवाडीतून सिंहगड चढायला घेतला. पहिली पंधरा मिनिटं अंगात तानाजी होता. मग पोटऱ्या बोलू लागल्या, आणि त्यांच्यामागून गुडघे.

वरून उतरणाऱ्या एका पोराला विचारलं, "किती राहिलं रे?"

"आलंच काका, दहा मिनिटं!"

वीस मिनिटांनी दुसऱ्याला विचारलं. "आलंच, दहा मिनिटं!" या वाटेवर तुम्ही कुठेही उभे असा, गड दहाच मिनिटांवर असतो.

दिलासा म्हणून ठीक, पण याने आतला सगळा हिशेब बिघडतो. उल्मर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९९६ साली मांडलं होतं की मेंदू आधी शेवट कुठे आहे ते पाहतो आणि तिथून उलटा हिशेब करून वेग ठरवतो. शेवटच सरकत राहिला तर त्या बिचाऱ्याने काय करावं? केपटाऊनचे क्रीडाशास्त्रज्ञ टिम नोक्स तर म्हणतात, दमणं ही मेंदूने निर्माण केलेली भावना आहे. हृदयाला धोका होण्याआधीच तो लगाम खेचतो. सगळ्या शास्त्रज्ञांना हे मान्य नाही. मला तिसऱ्या चढावर मान्य झालं. आमच्या सोसायटीचे खजिनदार या मेंदूसारखेच आहेत. बँकेत ठेवी आहेत, पण गळकी टाकी दाखवली की "शिल्लक नाही हो".

एका मावशींकडे लिंबू सरबत घेतलं. २००४ सालच्या एका प्रयोगात सायकलस्वारांनी पिष्टमय द्रावणाने नुसत्या चुळा भरल्या, थुंकून टाकल्या, तरी तासाभराच्या शर्यतीत ते जवळपास तीन टक्क्यांनी सुधारले. तोंडाला चाहूल लागली की खजिनदार सैल होतो. मीही घोट तोंडात घोळवला. मावशी बघत होत्या. पैसे मोजलेलं सरबत थुंकायची हिंमत झाली नाही.

आणि मग झाडीतून पुणे दरवाजा दिसला. मी पळालो! मघापर्यंत दगड धरून बसणारा मी, दोन कॉलेजकुमारांना मागे टाकून कमानीत शिरलो.

ही मागून शांतपणे आली. "एवढा जोर होता, तर मघाशी काय नाटक चाललं होतं?"

पिठलं-भाकरी येईपर्यंत मी तिला उल्मर, नोक्स, खजिनदार, सगळं समजावलं. तिने कांदा फोडता फोडता ऐकून घेतलं.

"म्हणजे भाजी आणायला सांगितलं की तुमचे पाय दुखतात, तेही खजिनदारच का?"

मी मावशींना हाक मारली आणि अजून एक भाकरी सांगितली.