सौदीसारखा कायदा हवा? मग कतीफचा निकाल वाचा

अत्याचाराची बातमी आली की तासाभरात तो मेसेज हजर: 'सौदीसारखा कायदा हवा. तिथे बलात्काऱ्याचं डोकं भर चौकात उडवतात. तारीख पे तारीख नाही. धाकामुळे गुन्हेच होत नाहीत. शिवरायांनीही रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडले होते.' परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. संताप खरा आहे, तो मलाही येतो. मेसेज मात्र खरा नाही.

'बलात्काऱ्याचं डोकं उडवतात.' बलात्काराला तिथे मृत्युदंड देता येतो, हे बरोबर. पण २००६ साली सौदीतल्या कतीफ शहरात सात जणांनी १९ वर्षांच्या मुलीवर सामूहिक बलात्कार केला, तेव्हा काय झालं? दोषींना काही महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद, आणि मुलीला ९० फटके! तिचा गुन्हा असा की घटनेआधी ती परक्या पुरुषाबरोबर गाडीत बसली होती. तिने वर दाद मागितली, प्रकरण पेपरात आलं. नोव्हेंबर २००७ मध्ये दोषींची शिक्षा वाढवली, फार तर नऊ वर्षांपर्यंत. मुलीचीही वाढवली: २०० फटके आणि सहा महिने तुरुंग. तिच्या वकिलाची सनदही काढून घेतली. जगभर छीथू झाल्यावर डिसेंबरमध्ये राजे अब्दुल्ला यांनी तिला माफी दिली. माफी हं, निर्दोष नव्हे. डोकं एकाचंही उडालं नाही.

'तारीख पे तारीख नाही.' रिझाना नाफीक ही श्रीलंकेची मुलगी घरकामाला तिथे गेली. पासपोर्टवर वय २३, जन्मदाखल्याप्रमाणे १७. २००५ मध्ये तिच्या हाती सोपवलेलं चार महिन्यांचं बाळ दगावलं. दूध पाजताना ठसका लागला, असं तिचं म्हणणं; मुद्दाम मारलं, असं मालकांचं. चौकशीच्या वेळी वकील नव्हता, धड दुभाषाही नव्हता, आणि तिथे घेतलेल्या कबुलीवर खटला उभा राहिला. पुढे कबुली तिने मागे घेतली, उपयोग झाला नाही. जानेवारी २०१३ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. म्हणजे सात वर्षांहून जास्त काळ ती तुरुंगात होती. 'झटपट' तेही नाही.

'धाकामुळे गुन्हे होत नाहीत.' धाक चालत असता तर फाशीला जाणारे कमी व्हायला हवे होते. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या मोजणीनुसार सौदीत २०२० मध्ये २७ जणांना देहदंड दिला गेला, २०२२ मध्ये १९६, २०२४ मध्ये किमान ३४५. यातले बरेच अमली पदार्थांच्या प्रकरणांतले, त्यातही पोटापाण्यासाठी आलेले परदेशी पुष्कळ. १२ मार्च २०२२ या एकाच दिवशी ८१ जण मारले गेले. त्यात निम्म्याहून अधिक अल्पसंख्य शिया होते.

रांझ्याचं म्हणाल तर तिथे शिक्षा झाली ती खुद्द गावच्या पाटलाला. सत्ता ज्याच्या हातात, त्याला. कतीफमध्ये फटके फिर्यादीच्याच नावावर लागले. ही दोन उदाहरणं एका मेसेजात बसवणाऱ्याने दोन्हींपैकी एकही नीट वाचलेलं नाही.

आता मेसेजात नसलेली गोष्ट. हा कडक कायदा सर्वांत चपळ होतो तो बोलणाऱ्यांवर. बायकांना गाडी चालवू द्या म्हणून झगडलेल्या लुजैन अल-हथलूलला मे २०१८ मध्ये उचललं. बंदी उठली त्याच्या पुढच्याच महिन्यात. तिच्यासारख्या कैदेतल्या बायकांच्या बाजूने ट्विट केलेली सलमा अल-शहाब ब्रिटनमध्ये पीएचडी करत होती. दोन मुलांची आई. सुट्टीला घरी आली आणि अटक झाली. शिक्षा सहा वर्षांची. अपील केलं तर ऑगस्ट २०२२ मध्ये ती थेट ३४ वर्षांवर गेली. नंतर शिक्षा पुन्हा कमी होत होत २०२५ मध्ये सलमा सुटली. याला कायदा म्हणायचं की लहर?

आणि मोहम्मद अल-गामदी. निवृत्त शिक्षक. एक्सवरच्या पोस्ट आणि यूट्यूबवरच्या हालचालींवरून जुलै २०२३ मध्ये त्यांना मृत्युदंड सुनावला. तो रद्द झाला तो ३० वर्षांची कैद देण्यासाठी. एक्सवरच्या त्यांच्या दोन खात्यांचे मिळून फॉलोअर होते दहा. आमच्या ग्रुपवर १८० जण आहेत, आणि निम्मे तरी सकाळच्या चहाबरोबर सरकारचा उद्धार करतात.