‘आईला 30 तास ताटकळत ठेवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री ओपीडी संपल्यावर वाचला. ‘म्हाताऱ्यांचं स्पेशल हॉस्पिटल म्हणे, पण खुबा मोडलेल्या आईला 30 तास ताटकळत ठेवलं, कोणी धड बोललंही नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. न बोलल्याची तक्रार खरी आहे. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी तुम्हाला बसवून कारण सांगायला हवं होतं. मनापासून माफी मागतो.

पण त्या 30 तासांचं फार लागलं. वयस्कर माणसाचा खुबा मोडला की ऑपरेशन शक्यतो 48 तासांच्या आत व्हावं, हे आम्हाला पाठ आहे. उशीर झाला की न्यूमोनिया, बेडसोअर, पायात रक्ताची गुठळी, सगळंच मागे लागतं. म्हणून तर आमच्याकडे फिजिशियन आणि हाडांचे डॉक्टर पहिल्या दिवसापासून पेशंटला मिळून बघतात.

उशीर झाला तो रक्तातल्या सोडियममुळे, म्हणजे मिठातल्या क्षारामुळे. त्याचा उल्लेख तुम्हीच केलाय, म्हणून आकडा लिहितो. सोमवारी सकाळी आठला आजी आल्या तेव्हा ते 119 होतं. 135 च्या खाली गेलं की कमी समजतात. एवढ्या कमी सोडियमवर भूल देणं धोक्याचं. आणि सलाईन लावून भराभर चढवताही येत नाही. दिवसाला 8-10 अंकांपेक्षा जास्त चढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘सारखं रक्त काढून बिल वाढवलं’ असं तुम्ही म्हणता, ते रक्त यासाठी काढत होतो.

सोडियम कमी का झालं, ते शोधण्यातही वेळ गेला. आजींच्या गोळ्या तुम्ही फरसाणाच्या डबीत सुट्या आणल्या होत्या, एकाचंही पाकीट नव्हतं. आमच्या सिस्टरनी तुमच्या केमिस्टकडून जुनं बिल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलं, तेव्हा कळलं की बीपीची गोळी लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारी आहे. चक्कर येऊन आजी मोरीत पडल्या, त्यामागेही तीच असू शकते.

मंगळवारी सकाळी सोडियम 127 वर आलं, आठला थिएटर तयार होतं. साडेसातला तुम्ही आजींना चहा-खारी दिलीत. कालपासून आई उपाशी, तुमचा जीव तुटला, मला कळतं. पण खाल्ल्यावर पुढचे सहा तास भूल देता येत नाही. दोन वाजता ऑपरेशन सुरू केलं. तेही तास तुम्ही आमच्याच नावावर मांडलेत, याचं वाईट वाटलं.

बुधवारी आजी वॉकर धरून खिडकीपर्यंत चालत गेल्या आणि मुलुंडच्या लोकल बघत उभ्या राहिल्या. व्हिडिओ तुम्हीच काढलात. आमचं 18 खाटांचं हॉस्पिटल आहे. नवीन पेशंट आधी स्टार बघतो, मग दार.

उपाशी ठेवायची पाटी आता खाटेलाच लावतोय. नातेवाइकांशी रोज बोलण्याचंही काहीतरी नक्की बसवतो.

येत्या गुरुवारी टाके काढायला आजींना आणा. मी स्वतः असेन. येताना सगळ्या गोळ्या पाकिटांसकट आणा.