घरातली एकमेव सरळ वस्तू

पुस्तकांसाठी फळ्यांची मांडणी घरीच बनवायची, असं मी जाहीर केलं तेव्हा कुणी विरोध केला नाही. हे लक्षण वाईट. आमच्याकडे ज्या गोष्टीला विरोध होतो ती सुखरूप पार पडते. जिला होत नाही तिला सगळे हातभार लावतात.

बायकोला भिंतभर हवी होती. "आणि मधे उभ्या फळ्या नकोत हं, मोकळं दिसलं पाहिजे." आईला खाली दाराचा कप्पा हवा होता. कशाला, तर "असू दे रे." लेकीनं मोबाइलवर एक मांडणी दाखवली. तिच्यात चार पुस्तकं, एक कुंडी आणि एक पितळी हरीण. आमच्याकडे हरीण नाही. वडिलांनी जमवलेले दिवाळी अंक आहेत, आणि त्यांच्या गुळगुळीत कागदाचं वजन काय सांगावं! फूटभर फळी दाबून भरली की दहा किलो सहज होतात.

भिंतभर मांडणीचा हट्ट समोरच्या काकांनी मोडला. काका रेल्वेच्या पुलांच्या खात्यातून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून पुलांविना कासावीस आहेत. "फळीची लांबी दुप्पट केलीत की झोळ दुप्पट पडत नाही, सूनबाई, सोळापट पडतो. पूल असो की फळी, हिशेब एकच." हेच मी सांगितलं असतं तर मला चहासुद्धा मिळाला नसता. अडीच फूट रुंद, पाच फूट उंच, असं ठरलं.

डोंबिवलीत प्लायवूडच्या दुकानात गेलो. शेठ म्हणाले, "मरीन घ्या साहेब, सातशेदहा नंबरचं. बहात्तर तास उकळलं तरी थर सुटत नाहीत."

"मला पुस्तकं ठेवायचीत, उकळायची नाहीत."

"२६ जुलै विसरलात?"

"मी चौथ्या मजल्यावर राहतो."

"मग? खालचे सगळे तुमच्याकडेच येणार ना वर?"

हा युक्तिवाद मला आजतागायत खोडता आलेला नाही. तरी मी कोरड्या घरापुरतं साधं, तीनशेतीन नंबरचं, अठरा एमएमचं प्लाय घेतलं. शेठनी बिल करताना माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर पूरग्रस्तांसाठी राखीव असते.

आठ बाय चारचा अख्खा तुकडा आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून दुकानातच कापून घेतला. अठ्ठेचाळीस इंच रुंदीतून पाच पट्ट्या काढायच्या तर कागदावर प्रत्येकी ९.६ इंच येतात. कारागिरानं साडेनऊ धरले, कारण करवत दर कापाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खाते. तो सगळं सुतात बोलत होता, मी मिलिमीटरमध्ये. मी अठरा एमएम म्हणत होतो त्याला तो सहा सूत म्हणत होता. सहा सूत म्हणजे एकोणीस मिलिमीटर. तो वरचा एक मिलिमीटर बहुधा जीएसटीत जातो.

जोडणीबद्दल फार सांगत नाही. फेविकॉल, स्क्रू, आणि स्क्रूच्या आधी बारीक भोक, नाहीतर प्लायची कड उकलते. पण पाठ ठोकण्याआधीची मांडणी बघण्यासारखी असते. उभी राहते, पण कुणी नुसतं जवळून गेलं तरी डावीकडे झुकून नमस्कार करते. आईनं दोनदा तिला आशीर्वाद दिला. सहा एमएमची पाठ मागे ठोकली की हा नम्रपणा संपतो. मात्र ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजून सारखे करावे लागतात. टेपचं एक टोक काकांनी धरलं, दुसरं मी. सुताचाही फरक नाही. "गुण्यात आहे!" काका ओरडले, म्हणजे कोपरे बरोबर काटकोनात. त्यांचा गळा दाटून आला होता.

मग मांडणी भिंतीला लावली. खाली चिकटली, वर भिंतीत आणि तिच्यात चार बोटं फट. एक पाय तरंगतोय. बायको म्हणाली, "वाकडी झाली का हो?" लेकीनं फोटो काढला.

काका काही न बोलता घरी गेले आणि पाणसळ आणि ओळंबा घेऊन आले. फळीवर पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोबर मध्ये. फरशीवर ठेवली, बुडबुडा गॅलरीकडचं टोक सोडून पळाला. भिंतीशी ओळंबा सोडला आणि भिंतीची लाज गेली. मांडणी सरळ होती. घर वाकडं होतं.

"तरीच माझं लाटणं सारखं एकीकडे घरंगळतं," आई म्हणाली. इतकी वर्षं ती सुनेला बोलत होती.

मला पायाखाली पाचर मारून विषय संपवायचा होता. काकांनी हात धरला. "पाचर मारलीत की पुरावा गेला! इमारतीला ३० वर्षं होऊन गेलीत. नियमानं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. झालंय?" झालेलं नव्हतं. आमच्या सोसायटीची सभा पार्किंगच्या पुढे कधी सरकतच नाही.

संध्याकाळपासून माणसं येऊ लागली. दारात चपलांचा ढीग, चहाची पातेली, आणि प्रत्येकाच्या खिशात गोटी. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे उतार स्वयंपाकघराकडे आहे. तळमजल्यावरचे म्हणाले, आमच्याकडे अजिबात नाही, आणि ते दुखावल्यासारखे घरी गेले. अध्यक्षांनी सगळं पाहून मत दिलं की इमारत ठीक आहे, मांडणीच जास्त सरळ झालीय. हे इतिवृत्तात नोंदवायचं की नाही यावर मतदान झालं.

शेवटी ठराव झाला: ऑडिट करायचं. इंजिनिअर येऊन पाहीपर्यंत मांडणी जागची हलवायची नाही, आणि तिच्यात काही ठेवायचंही नाही. वजनानं फट कमी-जास्त झाली तर जबाबदार कोण? सेक्रेटरींनी तिच्या चारी पायांभोवती खडूनं रेघा मारल्या. लादी पुसताना त्या पुसल्या जाऊ नयेत, असं बायकोला लेखी कळवलंय.

दिवाळी अंक सध्या दिवाणावर आहेत. आम्ही खाली गादी घालून झोपतो, गॅलरीकडे पाय करून. डोकं उंचावर हवं, असं काका म्हणाले.